पावसाळ्यात यीस्ट टिकवायचं कसं? घरगुती पाव करणाऱ्यांसाठी माहिती

बेळगाव : प्रतिनिधी

पावसाची झड लागली की बेळगावात डब्यातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. मग यीस्ट तरी काय तग धरणार? मागच्या पावसाळ्यात आमच्याच घरी दोन किलो मैद्याचा गोळा रात्रभर झाकून ठेवला, सकाळी होता तसाच! मैदा, बटर, गॅस सगळं वाया. चूक पिठाची नव्हती, ओट्यावर उघड्या राहिलेल्या यीस्टच्या पुडीची होती.

गोव्यात पूर्वी पोदेर माडाच्या सुरेवर पीठ आंबवायचे. सूर रोज ताजी मिळायची, साठवणुकीचा प्रश्नच नव्हता. आता यीस्ट विकत आणून ठेवावं लागतं.

बिघडतं कशामुळे?
यीस्ट ही जिवंत बुरशी. कोरड्या दाण्यांत ती झोपलेली असते. दमट हवा लागली की अर्धवट जागी होते, खायला काही नसतं, आणि हळूहळू मरते. उष्णता आणि हवा हे बाकीचे दोन शत्रू.

कोणतं किती टिकतं?
- कोरडं यीस्ट (ॲक्टिव्ह ड्राय किंवा इन्स्टंट), सीलबंद : थंड, कोरड्या जागी पाकिटावरच्या तारखेपर्यंत.
- तेच फोडल्यावर : फ्रिजमध्ये साधारण ४ महिने, फ्रीझरमध्ये ६ महिने.
- ताजं ओलं यीस्ट : फ्रिजमध्ये २ ते ३ आठवडे. तपकिरी, चिकट झालं किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.

ठेवायचं कसं?
अर्धा किलोचं पाकीट आणलं तर छोट्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत वाटून ठेवा. वापरात एकच बरणी, बाकीच्या फ्रीझरमध्ये. थंडगार बरणी उघडी ठेवली की आत दव धरतं, म्हणून लागेल तेवढं काढून लगेच झाकण लावा. चमचा पूर्ण कोरडा हवा. बरणीवर फोडल्याची तारीख लिहा. फ्रिजचं दार सारखं उघडतं, तेव्हा दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवा.

दहा मिनिटांची परीक्षा
अर्धा कप कोमट पाणी (सुमारे ४० अंश, बोटाला सुखद वाटेल इतपत), एक चमचा साखर, दोन चमचे यीस्ट. दहा मिनिटांत जाड फेस आला तर बिनधास्त वापरा. थोडाच आला तर यीस्ट कमजोर आहे, पीठ फुगायला जास्त वेळ द्या. काहीच नाही आलं तर यीस्ट मेलं समजा. पाणी कढत नको. ६० अंशांच्या आसपास चांगलं यीस्टही मरतं.

पीठ मळून झाल्यावर कळलं, तरी फेकू नका. फेस आलेलं दुसरं यीस्ट थोड्या कोमट पाण्यात घेऊन त्याच पिठात मळा, गरजेपुरता मैदा घाला आणि पुन्हा झाकून ठेवा. पण आधी परीक्षा, मग पीठ, हा क्रम ठेवलात तर ही वेळच येणार नाही.