स्मृती आणि आर.एन.ए. : एका संशोधनप्रश्नाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शिकलेली गोष्ट मेंदूत नेमकी कशाच्या रूपाने टिकते, हा मानसशास्त्र व जीवरसायनशास्त्र यांना जोडणारा प्रश्न आहे. १९५३ मध्ये डी.एन.ए.ची रचना उलगडल्यानंतर, आनुवंशिक माहितीप्रमाणे स्मृतीही एखाद्या रेणूत लिहिली जात असावी, या कल्पनेला बळ मिळाले. या कल्पनेचा उदय व अस्त आणि आर.एन.ए.च्या रासायनिक बदलांवरील अलीकडचे संशोधन यांचा संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्मृतिरेणूचा शोध :
स्वीडनमधील होल्गर हायडेन यांनी १९६२ मध्ये असे मांडले की, तारेवर तोल सांभाळून अन्नापर्यंत पोहोचण्यास शिकलेल्या उंदरांच्या चेतापेशींत आर.एन.ए.च्या घटकांचे प्रमाण बदलते. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातील जेम्स मॅककॉनेल यांनी, प्रशिक्षित प्लॅनेरिया कृमी खाऊ घातलेले कृमी तोच धडा लवकर शिकतात, असा दावा केला. १९६५ मध्ये आर.एन.ए. टोचून उंदरांत शिकलेले वर्तन संक्रमित केल्याचे वृत्तही प्रसिद्ध झाले. मात्र १९६६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात २३ संशोधकांनी संयुक्त पत्राद्वारे, आपल्याला असे संक्रमण आढळले नाही, अशी नोंद केली. तत्पूर्वी १९६३ मध्ये लुई फ्लेक्सनर व सहकाऱ्यांनी, प्रथिननिर्मिती रोखणारे प्युरोमायसिन उंदरांच्या मेंदूत टोचल्यास स्मृती नष्ट होते, असे दाखविले होते. परिणामी संशोधकांचे लक्ष प्रथिने व चेतासंधी यांकडे वळले.

अक्षर तेच, खूण निराळी :
१९७४ मध्ये फ्रिट्झ रॉटमन व सहकाऱ्यांना संदेशवाहक आर.एन.ए.मधील ॲडेनोसिनवर मेथिल गट आढळला. हा बदल आज ‘एम६ए’ या नावाने ओळखला जातो. यात आर.एन.ए.ची अक्षरे बदलत नाहीत, केवळ अक्षरावर खूण उमटते. हे संशोधन स्मृतीशी संबंधित नव्हते. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातील चुआन हे यांच्या गटाने ‘एफटीओ’ हे विकर ही खूण पुसू शकते, असे सिद्ध केले आणि हा बदल नियमनाचे साधन असू शकतो, हे स्पष्ट झाले. २०१६ मध्ये उंदरांच्या अग्रमेंदूत एफटीओ कमी केल्यास भीतीची स्मृती अधिक दृढ होते, असे आढळले. २०१८ मध्ये ही खूण वाचणारे ‘वायटीएचडीएफ१’ हे प्रथिन नसलेल्या उंदरांत अध्ययन व स्मृती क्षीण असल्याचे दिसले. प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते पुन्हा निर्माण केल्यावर हा दोष दूर झाला. चेतापेशी उद्दीपित झाल्यावर खूण असलेल्या संदेशांपासून प्रथिननिर्मिती वाढविणे, हे या प्रथिनाचे कार्य होय.

निष्कर्ष :
या संशोधनामुळे मॅककॉनेल यांचे म्हणणे खरे ठरले, असा अर्थ काढणे इतिहासदृष्ट्या चुकीचे ठरेल. त्यांच्या काळात आर.एन.ए. हा स्मृतीचा लेख मानला गेला. आज अभ्यासला जाणारा मेथिल गट स्मृती साठवीत नाही. कोणत्या संदेशाचे प्रथिन केव्हा व किती बनावे, याच्या नियमनात तो सहभागी असतो. म्हणजेच या संशोधनाचा धागा हायडेन यांच्यापेक्षा फ्लेक्सनर यांच्याशी अधिक जुळतो. शब्द तेच राहिले तरी प्रश्न बदललेला असू शकतो. विज्ञानाचा इतिहास शिकविताना हा भेद विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडणे अगत्याचे आहे. त्याचबरोबर, अपयश प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्या त्या २३ संशोधकांचे स्थानही या इतिहासात यशस्वी प्रयोगांइतकेच महत्त्वाचे मानावे लागेल.