‘काजव्यांचे थडगे’ : एका ॲनिमेशनपटाचे ऐतिहासिक प्रामाण्य

अकियुकी नोसाका यांची ‘होतारू नो हाका’, म्हणजे ‘काजव्यांचे थडगे’, ही कथा १९६७ साली प्रसिद्ध झाली. तीवरून इसाओ ताकाहाता यांनी १९८८ साली ॲनिमेशनपट निर्माण केला. चौदा वर्षांचा सेइता व चार वर्षांची सेत्सुको या भावंडांची १९४५ च्या उन्हाळ्यातील उपासमार हा त्याचा विषय होय. इतिहासाचे साधन म्हणून ही कृती कितपत ग्राह्य मानावी?

बाह्य तपशिलाविषयी फारसा वाद संभवत नाही. ५ जून १९४५ रोजी कोबे शहरावर अग्निबाँबांचा वर्षाव झाला. ताकाहाता स्वतः, नऊ वर्षांचे असताना, २९ जूनच्या ओकायामावरील हल्ल्यातून बचावले होते. आगीचे चित्रण करताना त्यांना ऐकीव माहितीवर विसंबावे लागले नाही.

याहून मोलाचे आहे ते शिध्याचे चित्रण. आईने बँकेत ठेवलेले सात हजार येन हाती असूनही बहीण भुकेने मरते, हे वरवर पाहता असंभाव्य वाटते. परंतु १९४१ पासून मोठ्या शहरांत तांदूळ शिध्यावरच मिळू लागला होता, आणि शिधावाटपाची सूत्रे ‘तोनारीगुमी’ या शेजारसंघांकडे होती. नातलग बाईचे घर सोडताच ही मुले त्या व्यवस्थेच्या बाहेर फेकली गेली. जुलै १९४५ मध्ये तर प्रौढ माणसाचा तांदळाचा दैनिक शिधाच सुमारे ३३० ग्रॅमवरून ३०० ग्रॅमवर आला. शेतकऱ्याला नोटांपेक्षा किमोनो अधिक प्रिय झाला होता. चित्रपट हे सविस्तर समजावून सांगत नाही. त्यामुळे प्रेक्षक सारा दोष मुलाच्या मानीपणाला तरी देतो, नाहीतर त्या बाईच्या कठोरपणाला.

अंतरंगाची गोष्ट मात्र निराळी. नोसाका यांच्या दत्तक घरातील धाकटी बहीण ऑगस्ट १९४५ मध्ये फुकुइ येथे कुपोषणाने वारली. ती पुरती दीड वर्षाचीही नव्हती. आपण सेइताइतके दयाळू नव्हतो, तिच्या वाट्याचे अन्न आपणच खाल्ले, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. तेव्हा कथेतील भाऊ हा घडलेला नव्हे, घडावयास हवा होता असा भाऊ आहे. आणि भावनेच्या बाबतीत हे साधन साक्षीपेक्षा प्रायश्चित्ताच्या अधिक जवळचे ठरते. लेखक २०१५ पर्यंत जगला. सेइताला मात्र त्याने २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री सान्नोमिया स्थानकावर मरू दिले.

फेब्रुवारी १९४८ च्या सरकारी गणनेत जपानमध्ये १,२३,५११ अनाथ मुले नोंदली गेली. त्यांपैकी २८,२४८ युद्धातील हल्ल्यांमुळे पोरकी झालेली होती. ओकिनावाचा समावेश या गणनेत नव्हता. शिवाय हा आकडा जगलेल्यांचा आहे. सेइतासारखी जी मुले तत्पूर्वीच स्थानकांवर मेली, ती त्यात नाहीत.