दोन ससे आणि एक जुना वाद

ऐन चाळिशीतला माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला, की तिरडीपाशी जमलेल्या मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, खाण्यापिण्याला धरबंध नव्हता. दुसरा म्हणतो, घराण्यातच आहे; बापही असाच गेला. पहिल्या वाक्यात ठपका मृतावर आहे, दुसऱ्यात दैवावर. दोहोंचा परिणाम मात्र एकच होतो. मागे राहिलेल्या भावाचे आणि मुलांचे रक्त तपासून पाहावे, हे कोणालाच सुचत नाही. कामगारवस्तीत आयुष्य काढलेल्या आम्हांस हा वाद ऐकून ऐकून पाठ झाला आहे. तो वैद्यकशास्त्रातही शंभर वर्षे चालला, आणि त्याची हकीकत दोन सशांवरून सांगता येते.

पहिला ससा रशियातला. सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यक अकादमीत निकोलाय अनिचकोव्ह नावाचा तरुण संशोधक होता. त्याच्या आधी तेथल्याच इग्नातोव्स्कीने सशांना मांस, अंडी, दूध चारून त्यांच्या रोहिण्या बिघडवून दाखविल्या होत्या. पण दोष प्रथिनांचा, असा त्याचा समज झाला. अनिचकोव्ह आणि त्याचा सहकारी खालातोव्ह यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना चारले. दुसऱ्या सशांना नुसते तेल दिले. नुसत्या तेलाचे ससे धडधाकट राहिले. कोलेस्टेरॉल खाल्लेल्यांच्या महारोहिणीच्या भिंतीत मेदाचे पिवळे थर बसले, अगदी माणसाच्या रोहिणीत बसतात तसे. हे 1913 साली प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉलवाचून रोहिण्यांचा हा रोग नाही, असे तो पुढे ठामपणे सांगू लागला.

जगाने मात्र मनावर घेतले नाही. इतरांनी उंदीर आणि कुत्रे यांच्यावर प्रयोग केले, त्यांच्या रोहिण्या स्वच्छ राहिल्या. ससा हा गवत खाणारा प्राणी, त्याला अंड्याचा बलक पचवता येत नाही, त्यावरून माणसाचे काय सांगता, असा आक्षेप निघाला. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. उंदीर आणि कुत्रे जादा कोलेस्टेरॉलचे पित्तात रूपांतर करून ते बाहेर टाकतात. त्यांच्या रक्तात ते साठतच नाही, मग रोहिणीत बसणार कोठून? खरा प्रश्न पोटात किती गेले हा नसून रक्तात किती उरले हा होता. तेवढा धागा हाती यायला मधे दोन महायुद्धे जावी लागली.

दरम्यान 1938 साली ऑस्लोच्या कार्ल म्युलर या डॉक्टरने नॉर्वेतली सतरा कुटुंबे तपासली. या घरांत हातापायांच्या शिरांवर पिवळट गाठी, रक्तात भरमसाट कोलेस्टेरॉल आणि छातीतली कळ ही तीन दुखणी एकत्र, बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे उतरत होती. एकाच गावात तेच मासे आणि तेच लोणी खाणारे शेजारी धडधाकट, आणि ही घरे मात्र पिढ्यान् पिढ्या खचलेली! 1964 साली बैरूतच्या खचादूरियन यांनी लेबनानमधली अशी घराणी अभ्यासून एक पाऊल पुढे टाकले. तेथे नात्यात लग्ने होत. एका पालकाकडून सदोष जनुक आलेल्यांचे कोलेस्टेरॉल दुप्पट, तर दोघांकडूनही आलेल्या मुलांचे चौपट भरले. मधले कोणी फारसे नाहीत. याचा अर्थ गोंधळ शेकडो कारणांचा नसून एकाच जनुकाचा होता.

ओघात एक गोष्ट सांगून टाकतो. 1953 साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरी मॉरिस यांनी पाहणी केली. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार पुष्कळ कमी आढळला. आमच्या चळवळीतले वक्ते एवढा भाग मोठ्या आवाजात सांगतात. पण त्याच मॉरिसने 1956 साली गणवेशांच्या मापांचे कागद काढले, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी नोकरीला लागल्या दिवसापासूनच रुंद होत्या! कामाने माणूस बिघडतो हे खरे. पण तो कामावर येताना बरोबर काय घेऊन येतो, हेही विचारावे लागते.

आता दुसरा ससा. जपानमधील कोबे येथे 1973 साली योशिओ वातानाबे यांना आपल्या सशांत एक असा आढळला की खातो इतरांसारखाच, आणि रक्तात कोलेस्टेरॉल मात्र कित्येक पट. त्याची वीण वाढवून त्यांनी पुढे एक वाणच तयार केला. या सशांना कोणी बलक चारला नव्हता, तेल पाजले नव्हते. तरीही त्यांच्या रोहिण्यांत तेच पिवळे थर बसले, जे अनिचकोव्हच्या सशांत बसले होते. एकाला चारून रोग झाला, दुसरा घेऊन जन्मला.

दोघांना जोडणारा दुवा अमेरिकेत डल्लास येथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या जोडीने 1973-74 साली शोधला. तो गोदीच्या भाषेत सांगतो. रक्तातले कोलेस्टेरॉल सुटे फिरत नाही; ते गाठोड्यांत बांधलेले असते. यकृताच्या पेशींवर काही प्रथिने असतात, त्यांना शास्त्रज्ञ ग्राही म्हणतात. धक्क्यावरची गाठोडी उचलून गोदामात नेणारे हे हमाल. सदोष जनुक एका बाजूने आले तर निम्मे हमाल गैरहजर, दोन्हीकडून आले तर जवळजवळ सगळेच. गाठोडी धक्क्यावर पडून राहतात आणि हळूहळू रोहिणीच्या भिंतीत शिरतात. वातानाबेच्या सशांत हेच हमाल बिघडलेले निघाले. आणि तूपलोण्याची चरबी फार खाणाऱ्या निरोगी माणसातही हमालांची संख्या घटते. म्हणजे खाण्याचा पक्ष आणि घराण्याचा पक्ष शंभर वर्षे भांडले, आणि दोघांची वाट एकाच धक्क्यावर येऊन मिळाली. या जोडीला 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी सहा वर्षांच्या एका मुलीला हृदयाबरोबर नवे यकृतही बसविण्यात आले होते. तिच्या रक्तातले घातक कोलेस्टेरॉल चार-पंचमांशांनी उतरले. जन्माने आलेला रोग हमाल बदलताच ओसरला!

यकृत सर्वांना कोठून आणावे? उत्तर बुरशीत सापडले. अकिता प्रांतातल्या शेतकरी घरात जन्मलेल्या आकिरा एन्डो यांनी तोक्योत एका औषध कंपनीत सुमारे 6,000 बुरश्या चाळून 1973 साली एक द्रव्य वेगळे केले. ते यकृताची कोलेस्टेरॉल बनविण्याची भट्टी मंद करते. घरात तोटा पडला म्हणजे यकृत हमालांची भरती वाढवते आणि धक्का रिकामा होऊ लागतो. उंदरांवर त्याचा गुण दिसेना, तेव्हा कोंबड्यांवर दिसला. म्हणून काम वाचले. कंपनीने 1980 साली हात आखडता घेतला. त्याच घराण्यातले दुसरे औषध 1987 साली अमेरिकेत बाजारात आले. 1994 साली स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरुग्णांच्या चाचणीत या वर्गातल्या गोळीने मृत्यू तीस टक्क्यांनी घटल्याचे सिद्ध झाले. एन्डो 2024 साली वारले. या गोळ्यांवर कंपन्यांनी अब्जावधी कमावले, एन्डोंच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. शोध लावणाऱ्याची ही मजुरी आमच्या परिचयाची आहे.

अनुवंश केवळ घातच करतो असेही नाही. पीसीएसके-9 नावाचे एक प्रथिन हमालांना कामावरून काढून टाकते. 2003 साली फ्रान्समधल्या काही घराण्यांत ते फार जोरात काम करताना आढळले. उलट 2006 साली अमेरिकेतील काही कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांत त्याचे जनुक जन्मतः निकामी दिसले. त्यांचे घातक कोलेस्टेरॉल 28 टक्क्यांनीच कमी होते, पण हृदयविकार तब्बल 88 टक्क्यांनी कमी! इतकी थोडी घट आणि इतका मोठा लाभ कसा? कारण ती घट पाळण्यापासून होती. रोहिणी आकड्याबरोबर वर्षेही मोजते. म्हणूनच पन्नाशीला झटका आल्यावर चालू केलेली गोळी आणि विशीत चालू केलेली गोळी यांत अंतर पडते.

एका बाजूने सदोष जनुक आलेली माणसे अडीचशेंत एक असतात. उपचार न झाल्यास त्यांतल्या सुमारे निम्म्या पुरुषांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. अशा माणसाच्या प्रत्येक भावाला, बहिणीला आणि मुलाला तेच जनुक असण्याचा संभव निम्मा. नेदरलँड्सने 1994 साली याच हिशेबावर सरकारी खर्चाने काम सुरू केले. एक रुग्ण सापडला की परिचारिका त्याच्या नातलगांच्या घरी जाई, रक्त घेई, आणि तेथून पुढच्या नातलगांकडे. अशा रीतीने हजारो माणसे झटका येण्याआधी सापडली. आपल्याकडे ॲटोरव्हास्टॅटिन ही त्याच वर्गातली गोळी आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि खेड्यातल्या दुकानातही मिळते. तिरडीपाशी उभ्या असलेल्या भावाच्या घरी जाणारी परिचारिका मात्र अजून नेमायची आहे.