परवल

मागच्या महिन्यात मावशीकडे गेलो होतो. वायफायचा पासवर्ड विचारला, तर स्वयंपाकघरातूनच उत्तर आलं, "अरे, माझाच मोबाईल नंबर!" दार उघडं होतं आणि जिन्यात शेजारची मुलं बसली होती. त्यांना तो आधीपासूनच पाठ होता.

पासवर्डला आपल्याकडे जुना शब्द आहे, परवलीचा शब्द. परवल म्हणजे मूळचा इंग्रजी पॅरोल. इंग्रजांच्या पलटणींतून तो मराठीत आला आणि इथल्या जिभेवर असा रुळला की परका वाटेनासा झाला. इंग्रजीने तो फ्रेंचमधून उचललेला, आणि फ्रेंचमध्ये पारोल म्हणजेच शब्द. तेव्हा परवलीचा शब्द म्हणजे शब्दाचा शब्द, आपल्या पिवळ्या पीतांबरासारखा. तुरुंगातून पॅरोलवर सुटणारा कैदी याच घराण्यातला. परत येईन असा शब्द देऊन तो बाहेर पडतो.

इंग्रजी फौजेत खुणेचे दोन शब्द असत. एक पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी, त्याला काउंटरसाइन म्हणत. दुसरा, पॅरोल, पहारे तपासत फिरणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. दोन्ही रोज बदलत. घरातल्या राउटरलाही असे दोन शब्द असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. एकाने आपण नेटवर्कमध्ये शिरतो. दुसऱ्याने राउटरच्या सेटिंगमध्ये, म्हणजे जिथून पहिला शब्दच बदलता येतो तिथे. पहिला निदान आपण ठरवतो. दुसरा अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो, 'अ‍ॅडमिन' वगैरे. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते अशाच कारखानी नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्या लावून बघत.

पहिल्या शब्दाची गोष्ट जास्त रंजक आहे. फौजेतल्या माणसाला परवल दबक्या आवाजात का होईना, सांगावीच लागे, आणि जवळपास कोणी कान देऊन उभा असला की ती फुटे. वायफायमध्ये शब्द हवेतून जातच नाही. २००४ पासूनच्या डब्ल्यूपीए-टू पद्धतीत फोन आणि राउटर चार निरोपांची देवाणघेवाण करतात, आणि शब्द न उच्चारता तो आपल्याला ठाऊक आहे हे एकमेकांना पटवून देतात. यामागची बुद्धी बघून मी दर वेळी थक्क होतो. पण तेच चार निरोप कोणी टिपून नेले, तर घरी बसून एकेक शब्द त्यांना लावून बघता येतो. मोबाईल नंबर सहा ते नऊपैकी एका आकड्याने सुरू होतो, म्हणजे शक्यता ४०० कोटी. आपल्याला संख्या अफाट वाटते. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाचं ते काही तासांचं काम. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-थ्रीने ही वाट बंद केली आहे. राउटरमध्ये ती सोय असेल तर तीच निवडावी.

वर्तमानपत्रात मात्र परवलीचा शब्द वेगळ्याच अर्थाने भेटतो. 'विकास हा आजचा परवलीचा शब्द' असं आपण सहज लिहितो, म्हणजे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला. मोजक्यांनी जपायचा शब्द चारचौघांचा झाला. अर्थ असा उलटा फिरल्याची मला फार दिवस रुखरुख होती. मावशीच्या जिन्यात तो कसा फिरला असेल ते दिसलं. कोणी काही चोरलं नव्हतं. एकाने विचारलं, मायेने सांगितलं गेलं, त्याने पुढच्याला सांगितलं.

दुपारी आम्ही दोन्ही पासवर्ड बदलले. वायफायसाठी मावशीनेच चार शब्द सुचवले, एकमेकांशी काही नातं नसलेले, आणि कपाटातल्या हिशेबाच्या वहीत रोमन अक्षरांत लिहून ठेवले. मग म्हणाली, "पण पोरांना काय सांगू? परीक्षा आहेत रे त्यांच्या." राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येत होतं, त्यावर इंटरनेट मिळतं, घरातला संगणक आणि प्रिंटर दिसत नाही. ते सुरू केलं, त्याला वेगळा पासवर्ड दिला. नाव काय ठेवू विचारलं, तर मावशी क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "ओसरी."