हार्वेचा हिशेब

हृदय सर्व शरीरभर रक्त खेळवितें, हें वाक्य आज १४-१५ वर्षांचा कोणताही मुलगा वा मुलगी घडाघडा म्हणून दाखवील. कप्पे चार, झडपा चार, उजवीकडे अशुद्ध रक्त व डावीकडे शुद्ध, हेंही त्यांस तोंडपाठ असतें. परंतु 'हें खरें कशावरून?' असा प्रश्न केला, तर 'पुस्तकांत आहे म्हणून' यावांचून दुसरें उत्तर बहुधा मिळत नाहीं. हें उत्तर आम्हांस चिंताजनक वाटतें; कारण याच उत्तरानें युरोपांतील वैद्यक जवळजवळ १४०० वर्षें एका जागीं खिळून राहिलें होतें.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेन नांवाचा थोर ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याच्या मतें अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें, नीलांवाटे, म्हणजे हातावर निळ्या दिसतात त्या शिरांवाटे, तें अवयवांकडे जातें, आणि शेतांत सोडलेल्या पाटाच्या पाण्याप्रमाणें तेथेंच जिरून जातें. कांहीं रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यांतील अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपतें, असेंही तो मानी. गेलेन कांहीं सामान्य बुद्धीचा नव्हता. रोहिण्यांत वायु नसून रक्त असतें, हें त्यानेंच प्रयोगानें दाखविलें. दोष होता तो त्याचा ग्रंथ उघडून स्वतःचे डोळे मिटणाऱ्यांचा.

सर्वांनींच डोळे मिटले होते असें मात्र नाहीं. तेराव्या शतकांत कैरो येथील इब्न अल्-नफीस यानें त्या पडद्यास छिद्रें नाहींत, व उजवीकडचें रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतें, असें स्पष्ट लिहिलें. पुढें सोळाव्या शतकांत व्हेसेलियसनें शवविच्छेदन करून पाहिलें, तों त्यासही छिद्रें सांपडलीं नाहींत. परंतु या सुट्या शंकांतून एक सबंध सिद्धान्त उभा करण्याचें काम विल्यम हार्वे (१५७८-१६५७) या इंग्रज वैद्यानें केलें.

हार्वे इटलींतील पादुआ येथें शिकला. तेथील त्याचे गुरु फाब्रिसियस यांनीं नीलांतील झडपांचें वर्णन केलें होतें, परंतु त्यांचें खरें प्रयोजन त्यांस उमगलें नाहीं. हार्वेनें १६२८ सालीं फ्रांकफुर्ट येथें ७२ पानांचें एक लॅटिन पुस्तक छापविलें. त्यांतील एक मोठें शस्त्र म्हणजे साधा गुणाकार. समजा, दर ठोक्यास हृदयांतून अर्धा औंस रक्त बाहेर पडतें. अर्ध्या तासांत ठोके १००० तरी होतात. म्हणजे तेवढ्या वेळांत ५०० औंस रक्त झालें! एवढें रक्त सबंध शरीरांतही नाहीं; मग दोन वेळच्या जेवणांतून तें नवें कोठून निर्माण होणार? झऱ्यांच्या आवाक्याबाहेर पाणी उपसूनही विहीर आटत नसेल, तर उपसलेलेंच पाणी पुन्हां तिच्यांत येत असलें पाहिजे.

हार्वेनें हा आंकडा हातचा राखूनच धरला होता. आजच्या मापनाप्रमाणें स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचें हृदय दर ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त लोटतें. मिनिटास ७० ठोके धरले, तर सुमारें ५ लिटर, म्हणजे शरीरांतील जवळजवळ अवघें रक्त, एका मिनिटांत हृदयांतून जातें. आंकडा बदलला, तरी युक्तिवाद ढळला नाहीं.

दुसरा पुरावा त्यानें हाताला पट्टा बांधून दाखविला. तो पट्ट्यावांचूनही घरीं पाहतां येतो. हात खालीं सोडावा, म्हणजे शिरा फुगून येतात. मनगटाजवळ एक शीर बोटानें दाबून धरावी, व दुसऱ्या बोटानें तींतील रक्त कोपराच्या दिशेनें पुसून न्यावें. वाटेंत झडप असल्यास मधला भाग रिकामाच राहतो. वरचें रक्त खालीं उतरत नाहीं. पहिलें बोट उचलतांच तो खालून भरून येतो. नीलांतील प्रवाह हृदयाकडे आहे, हें मग कोणी सांगावें लागत नाहीं.

आमच्या मतें शाळेंत हा धडा याच क्रमानें शिकवावा: आधीं नाडी मोजावी, मग गुणाकार, मग बोटाचा प्रयोग, आणि आकृति शेवटीं. अभ्यासक्रम मोठा व वेळ थोडा, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परंतु या सर्वांस पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाहीं; आणि पुराव्यानें पटलेली गोष्ट परीक्षेनंतरही मनांत राहते.

एक दुवा मात्र हार्वेला स्वतः पाहतां आला नाहीं. रोहिण्यांतून रक्त नीलांत नेमकें कोणत्या वाटेनें जातें, हें त्यास दिसलें नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर ४ वर्षांनीं, १६६१ सालीं, माल्पीगीनें बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकानें केशवाहिन्या पाहिल्या. येथें एखादी चौकस मुलगी विचारील, 'गेलेनचीं छिद्रें अदृश्य, हार्वेच्या वाटाही अदृश्य. मग दोघांत भेद काय?' भेद हा, कीं गेलेनचीं छिद्रें त्याच्या मताला टेकू देण्यासाठीं होतीं व शोधणाऱ्यांस जाड भिंतच आढळली. हार्वेच्या वाटा हिशेबानेंच भाग पाडल्या होत्या व चांगलें भिंग मिळतांच त्या सांपडल्या. ज्या वर्गांत हा प्रश्न विचारला जाईल, त्या वर्गाला हृदयाचा धडा खरोखर समजला, असें आम्ही म्हणूं.