कॅसिनो लॉयल्टी कार्यक्रम

कॅसिनो लॉयल्टी कार्यक्रम म्हणजे वारंवार खेळावयास येणाऱ्या ग्राहकांना कॅसिनोकडून गुण, श्रेणी व सवलती देणारी योजना होय. मोफत भोजन, पेये, हॉटेलातील खोली, प्रवासाची सोय आणि खेळासाठीची अतिरिक्त नाणी ही या सवलतींची नेहमीची रूपे आहेत. अमेरिकेतील हॅराज कंपनीने १९९७ मध्ये सुरू केलेला 'टोटल गोल्ड' हा अशा योजनांपैकी एक प्रसिद्ध कार्यक्रम होय.

कार्यपद्धती

सदस्य खेळताना आपले कार्ड यंत्रात घालतो किंवा टेबलावरील कर्मचाऱ्याकडे देतो. त्याच्या पैजेची सरासरी रक्कम, खेळाचा वेग व खेळलेला वेळ यांची नोंद होते. या नोंदींवरून त्याचा अपेक्षित तोटा काढला जातो आणि त्या तोट्याचा काही भाग सवलतींच्या रूपाने परत दिला जातो. ग्राहक त्या दिवशी जिंकला की हरला, यापेक्षा त्याने किती रक्कम पैजेवर लावली, याला येथे अधिक महत्त्व असते. वरची श्रेणी टिकविण्यासाठी बहुधा ठरावीक मुदतीत पुन्हा गुण मिळवावे लागतात.

सवलतींचे गणित

एकच शून्य असलेल्या रूलेच्या चक्रावर ३७ घरे असतात. परंतु एका आकड्यावरील पैज जिंकल्यास ३५ पटच रक्कम मिळते. त्यामुळे प्रत्येक पैजेवर कॅसिनोचा सरासरी लाभ १/३७, म्हणजे सुमारे २.७ टक्के, राहतो. प्रत्येक फेरीस १,००० रुपये लावून तासाला ३० फेऱ्या याप्रमाणे चार तास खेळल्यास एकूण १,२०,००० रुपयांच्या पैजा होतात व सरासरी तोटा सुमारे ३,२४३ रुपये येतो. कॅसिनोने त्यातील चौथा हिस्सा परत दिला असे मानल्यास ग्राहकाला सुमारे ८१० रुपयांच्या सवलती मिळतात. केवळ गुण वाढविण्यासाठी आणखी एक तास खेळल्यास सुमारे २०० रुपयांच्या सवलतीसाठी सरासरी ८१० रुपये गमवावे लागतात.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा राज्य कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्यामुळे अहिल्यानगरसह राज्याच्या कोणत्याही जिल्ह्यात कायदेशीर कॅसिनो नाही. मराठी पर्यटकांचा या योजनांशी संबंध मुख्यतः गोव्यात येतो. तेथे पंचतारांकित हॉटेलांत, तसेच पणजी येथे मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवर कॅसिनो चालतात. प्रवेशशुल्कात अनेकदा भोजन व काही नाणी समाविष्ट असतात. मात्र यांतील काही नाणी केवळ खेळण्यासाठी असून ती रोख रकमेत बदलता येत नाहीत.

कॅसिनोतील खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून नाणी खरेदीच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला; २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के आहे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर लागतो व त्यातून हरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही.

मूल्यमापन

जो ग्राहक करमणुकीसाठी आधीच ठरविलेली रक्कम खर्च करणार आहे, त्याला विनाशुल्क सदस्यत्वामुळे त्या खर्चाचा थोडा भाग परत मिळतो. मात्र सवलतीसाठी पैज, वेळ किंवा फेऱ्या वाढविल्यास अपेक्षित तोटा सवलतीपेक्षा जास्त होतो. अहिल्यानगरहून पणजीला जाणाऱ्याला प्रवासाचा व मुक्कामाचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. 'मोफत' खोलीसाठी पुन्हा केलेली फेरी यामुळे अनेकदा स्वखर्चाने घेतलेल्या खोलीहून महाग पडते. श्रेणी गमावण्याच्या भीतीने खेळत राहणे हा या योजनांतील प्रमुख धोका होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत जुगाराच्या व्यसनाचा विकार म्हणून समावेश आहे.

हे सुद्धा पहा

जुगार
रूले
संभाव्यता