कात्री, खळ आणि सांधा

चिकटचित्राचा इतिहास सामान्यतः चित्रकलेच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याचे द्रव्य वर्तमानपत्राचे. १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासोने आपल्या रेखाटनांवर वृत्तपत्राची कात्रणे चिकटविली. त्यांतील काहींवर बाल्कन युद्धाच्या बातम्या होत्या. वर्तमानपत्र असे चित्रात शिरले. तेथून ते छापील पानावर परतले ते पुढे बर्लिनमध्ये, आणि तेथेच या कलेपुढे एक नैतिक प्रश्न उभा राहिला : दोन तुकड्यांमधील सांधा दिसावा की लपावा?

हाना ह्योख ही चित्रकर्ती १९१६ ते १९२६ या काळात बर्लिनच्या उल्श्टाइन प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे व जाळीकामाचे नमुने काढीत असे. त्या संस्थेच्या सचित्र नियतकालिकांतील छायाचित्रे तिच्या कात्रीखाली आली. १९२० च्या दादा प्रदर्शनात मांडलेल्या तिच्या मोठ्या चिकटचित्रात कैसर, आइनस्टाइन, नर्तकी आणि यंत्रांची चाके एकत्र नांदतात. उजवीकडील खालच्या कोपऱ्यात, स्त्रियांना मताधिकार असलेल्या युरोपीय देशांचा नकाशा आहे. त्याच्या कडेला तिने स्वतःचा चिमुकला चेहरा चिकटविला आहे. येथे प्रत्येक सांधा उघडा आहे. 'हे मी कापले आहे,' असे चित्र स्वतःच सांगते.

जॉन हार्टफील्डची रीत नेमकी उलटी होती. १९३० पासून 'आर्बायटर इलुस्ट्रीर्टे त्सायटुंग' या कामगारांच्या साप्ताहिकासाठी तो छायाचित्रे जोडून पाने सजवीत असे. तुकडे चिकटवून झाले की कुंचल्याने कडा बुजवावयाच्या. उरलेसुरले ठसे छपाईत विरून जात. १९३२ च्या जुलैमधील त्याच्या चित्रात हिटलरची छाती क्ष-किरणांतून पाहिल्यासारखी दिसते, आणि कण्याच्या जागी सोन्याच्या नाण्यांची चळत आहे. हिटलर सोने गिळतो आणि त्याच्या तोंडून 'ब्लेख' बाहेर पडते, असा खालील मजकुराचा आशय. जर्मन भाषेत या एकाच शब्दाचे दोन अर्थ : पत्रा आणि वायफळ बडबड. मराठीत 'पत्रा' म्हटले तर बडबड हरवते, 'बडबड' म्हटले तर धातू. चित्रकाराने लपविलेला सांधा भाषांतरकाराला लपविता येत नाही.

लपविलेल्या सांध्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९३७ मध्ये मॉस्कोच्या कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारी चालणारा येझोव्ह १९४० मधील त्याच्या देहदंडानंतर त्याच छायाचित्रातून नाहीसा झाला. त्याच्या जागी पाणी उरले. हातांचे कसब जवळजवळ तेच होते. मग हार्टफील्डला वेगळे कोणत्या आधारावर मानावयाचे? आधार असा की, नाण्यांचा कणा कोणी खरा मानणार नाही. कागदावरील सांधा त्याने पुसला. अर्थातला सांधा मात्र जाणूनबुजून उघडा ठेवला. मॉस्कोच्या कारागिराने दोन्ही पुसले.

त्या उघड्या अर्थाची किंमत हार्टफील्डने भोगली. १९३३ मध्ये तो प्रागला पळाला. तेथील १९३४ च्या प्रदर्शनातून जर्मन वकिलातीच्या निषेधामुळे त्याची काही चित्रे उतरविण्यात आली. १९३८ मध्ये त्याला इंग्लंड गाठावे लागले. ह्योख जर्मनीतच राहिली. बर्लिनच्या सीमेवरील आपल्या घरी तिने दादा काळातील कृती दडवून जतन केल्या.

आज संगणकावर कात्री आणि खळ या दोहोंवाचून चित्रे जोडली जातात आणि कडा आपोआप बुजतात. म्हणून सांध्याचा प्रश्न संपला असे नव्हे, तो अधिक निकडीचा झाला आहे. परक्या वाक्याला आपल्या भाषेत बसविताना भाषांतरकारही कडा घासतोच. वाचन सुकर व्हावे म्हणून घासावयास हरकत नाही. परंतु हे वाक्य दुसरीकडून आणलेले आहे, ही जाणीव वाचकाच्या मनातून पुसण्याचा अधिकार त्याला नाही. वर्तमानपत्राच्या पानावर चित्र जोडणाऱ्या हातालाही तो नाही.